जेरुसलेममध्ये घेतलेला ‘रोमन’ पेला

गेल्या वर्षी जेरुसलेमच्या जुन्या शहरातील एका दुकानातून मी 450 डॉलरला फुंकलेल्या काचेचा ‘रोमन’ पेला विकत घेतला आणि तो बनावट निघाला. तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींची अशी फसगत होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने सांगितलेला इतिहास खरा होता आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. काच फुंकण्याची कला इ. स. पू. पहिल्या शतकात याच भूभागात उदयास आली आणि पुढे काचेची भांडी इतकी स्वस्त झाली, की रोममध्ये पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवले. तेव्हा असे पेले आजही पुष्कळ सापडतात, हे विक्रेत्याचे म्हणणे मला पटले. पेल्यावर मोरपिसासारखी निळी-हिरवी झळाळी होती. मी भुललो ती तिलाच.

ही झळाळी खऱ्या पेल्यावर कशी येते, हे मी आधी समजून घ्यायला हवे होते. मातीतील ओलाव्यामुळे शतकानुशतके काचेतील क्षार निघून जातात, पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात. म्हणजे तो रंग काचेच्या झिजेतूनच आलेला असतो. पुण्याला परतल्यावर मी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काठाजवळ फिरवला, तर निळा-हिरवा रंग कापसावर उतरला आणि खाली गुळगुळीत, नवीकोरी काच उघडी पडली. (अस्सल जुन्या काचेवर हा प्रयोग कृपया करू नये, पापुद्रे कायमचे निघून जातात.) बुडाला वापराचा एकही ओरखडा नव्हता.

दुकानदाराने दिलेल्या प्रमाणपत्रावर ‘रोमन शैलीचा पेला’ एवढेच छापलेले होते, त्यामुळे पैसे परत मागताना माझ्या हाती काहीच उरले नाही. शिवाय इस्रायलच्या 1978 च्या कायद्यानुसार पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ‘माझा कागद पुरेसा आहे,’ असे दुकानदार म्हणाला, तेव्हाच मी उठायला हवे होते. तिथे पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याला सरकारी परवाना लागतो. तो आधी पाहावा, पावतीवर वस्तूचा काळ स्पष्ट लिहून घ्यावा आणि निर्यातीची परवानगी हाती पडेपर्यंत पैसे देऊ नयेत.