इन्क्रेलेक्स: सुईच्या आधी ताट वाढा

काही मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन हवं तेवढं, कधी कधी जास्तच असतं, तरी उंची वाढत नाही. पेशींवरचा रिसेप्टरच, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारी जागाच, बिघडलेला असतो, त्यामुळे यकृतात आयजीएफ-१ हे प्रत्यक्ष वाढ घडवणारं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. लॅरॉन सिंड्रोम तो हाच. अशा मुलाला ग्रोथ हार्मोन टोचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इन्क्रेलेक्स, म्हणजे मेकासर्मिन, मधली पायरी गाळून थेट आयजीएफ-१ देतं. अमेरिकेत २००५ साली त्याला मंजुरी मिळाली.

गुण येतो. चाचण्यांमध्ये वर्षाला सरासरी २.८ सेंमी वाढणारी मुलं पहिल्या वर्षी ८ सेंमी वाढली. दुसऱ्या वर्षी मात्र वेग ५.८ वर आला. हाडांच्या वाढ-चकत्यांवर, म्हणजे टोकांजवळ हाड लांब करणाऱ्या थरांवर, ग्रोथ हार्मोनचं स्वतःचंही काम असतं, ते या औषधाने भरून निघत नाही. शिवाय आयजीएफ-१ला रक्तात धरून ठेवणारी प्रथिनंही या मुलांत कमी असतात, औषध लवकर निघून जातं. म्हणून सुई दिवसातून दोनदा.

खरी गफलत होते ती सिरिंज भरताना. बाटलीत ४ मिलीत ४० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीला १० मिग्रॅ. सुरुवातीचा डोस दर वेळी किलोमागे ०.०४ ते ०.०८ मिग्रॅ. २० किलोच्या मुलाला ०.०४ने ०.८ मिग्रॅ होतात, म्हणजे ०.०८ मिली, १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ८ची रेघ. मिग्रॅचा आकडा मिली समजून भरला तर डोस थेट दसपट! डॉक्टरांकडून मिग्रॅसोबत ‘कितव्या रेघेपर्यंत’ हेही कागदावर लिहून घ्या. निदान आठवडाभर डोस सोसला तरच डॉक्टर तो ०.०४ने वाढवतात, कमाल ०.१२पर्यंत.

हे औषध इन्सुलिनसारखी साखर उतरवतं. त्यामुळे सुई खाण्याच्या आधी किंवा नंतर २० मिनिटांच्या आतच. मूल जेवत नसेल, उलट्या होत असतील, तर तो डोस सोडायचा आणि पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. पुढचे दोन-तीन तास पोहणं, सायकल नको. पोटभर खाऊनही साखर उतरली तर डोस कमी करावा लागतो.

सुई टोचण्याची जागा दर वेळी बदलली नाही तर कातडीखाली चरबीचे गोळे होतात. घोरणं सुरू झालं तर टॉन्सिल वाढल्याची शंका घ्या. उलट्यांसह डोकेदुखी असेल तर डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या. लंगडणं किंवा गुडघा-खुबा दुखणं अंगावर काढू नका, मांडीच्या हाडाचा गोल सरकलेला असू शकतो.

दोन वर्षांखालच्या बाळांना, कर्करोग असलेल्यांना आणि वाढ-चकत्या बंद झालेल्यांना हे चालत नाही. थायरॉईड कमी असेल तर आधी ते सुधारायचं.

बाटली फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको, मधल्या फळीवर २ ते ८ अंशांत ठेवा. उघडल्यावर ३० दिवस चालते, झाकणावर तारीख घाला. कमाल डोसवर (०.१२) २० किलोच्या मुलाला ती जेमतेम आठ दिवस पुरते.