निगेटिव्ह स्कॅनला दिल्या आणि आजीचं गोंदण गायब

स्कॅनिंगला गेलेली रक्कम फार मोठी नाही, साडेदहा हजार. पण ज्यांच्या घरी कपाटावर जुन्या निगेटिव्हचा डबा पडलाय आणि "एकदा स्कॅन करून घेऊ" असं चाललंय त्यांनी वाचाच.

बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, सांगलीला बँकेत असताना घेतलेला. १२० चा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो. रोल कधी पूर्व जर्मनीचा ऑर्वो, कधी आपला उटीचा इंदू. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बाबा एकेका फोटोला पाच पाच मिनिटं लावणार आणि आम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे. रोल धुवून आला की निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात घालून वर शाईपेनाने तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते सगळं लिहायचे. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला, मोजल्या तर बरोबर १४० फ्रेम.

पुण्यात पेठेतला एक स्टुडिओ कोणीतरी सुचवला. काउंटरवर भलामोठा फ्लॅटबेड स्कॅनर, झाकण उघडून ठेवलेला, बघूनच विश्वास बसावा असा (तो चालू होता का हे विचारायचं सुचलंच नाही). माणूस एकदम गोड. "ताई, ४८०० डीपीआयला करतो, टिफ फाईल देतो, भिंतीएवढं पोस्टर काढा." (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, आणि टिफ म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली मोठी फाईल.) फ्रेमला साठ रुपये, वर धूळ आणि ओरखडे घालवायला इन्फ्रारेड क्लीनिंगचे पंधरा वेगळे. मी म्हटलं जुना माल आहे, धूळ असणारच, करा. अर्धे पैसे आधी दिले, उरलेले पेनड्राइव्ह हातात द्यायच्या आधीच त्याने जीपेवर घेतले, आणि "फाईली जड आहेत हो, इथे उघडायला वेळ लागेल, घरी आरामात बघा" म्हणाला. मी पण शहाणी, निघाले.

घरी टीव्हीला लावून आईला दाखवायला बसले. तिसऱ्या-चौथ्या फोटोला आई म्हणाली, "अगं, मला गुजराती का केलंय?" बघते तर तिचा पदर उजव्या खांद्यावर! बाबांचं घड्याळ पण उजव्या हातात. म्हणजे निगेटिव्ह उलटी ठेवलेली. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि एक जरा मंद, चकचकीत बाजूने बघितलं की कडेची अक्षरं सरळ वाचता येतात आणि फोटोही सरळ दिसतो, एवढं तर स्टुडिओवाल्याला कळायला हवं ना. १४० पैकी ५० च्या वर उलटे निघाले. पण ते ठीक, कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये फिरतं.

मग आजीचा फोटो आला. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, ठसठशीत. फोटोत काहीच नाही. कपाळ कोरं, गाल गुळगुळीत, एक सुरकुती नाही, क्रीमच्या जाहिरातीतली बाई वाटावी अशी. आई काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

माझा भाचा फिल्मवर फोटो काढतो, त्याला फाईली पाठवल्या. त्याने तासाभरात फोन करून एकेक काढायला सुरुवात केली. म्हणाला मावशी, आकाश झूम करून बघ. बघितलं तर आकाशात बारीक बारीक चौकडी, लुंगीच्या कापडासारखी. निगेटिव्ह सरळ टॅबच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून मोबाईलने फोटो काढलेला आणि ती चौकडी म्हणजे स्क्रीनचे पिक्सेल! स्कॅनर बहुतेक शोभेलाच होता. टिफचंही तसंच, मोबाईलचा जेपेग (जागा वाचवायला दाबलेली फाईल) नुसता टिफ म्हणून सेव्ह केलेला, सावलीच्या भागात जेपेगचे ठोकळे स्पष्ट दिसतात.

४८०० चा घोळ तर असा की तो आकडा फाईलमध्ये कोणीही टाईप करू शकतो, त्याला काही अर्थ नाही. पिक्सेल मोजायचे. आमची फ्रेम ५६ मिलिमीटरची, म्हणजे २.२ इंच, गुणिले ४८०० केलं तर एका बाजूला साडेदहा हजार पिक्सेल यायला हवेत. आले किती, ३०००. म्हणजे जेमतेम १३५० डीपीआय, आणि १२ मेगापिक्सेलच्या मोबाईल फोटोतून चौकोन कापला की बरोबर ३००० च उरतात. खरं ४८०० आणि १६ बिट (म्हणजे करड्या छटा जास्त बारकाईने नोंदवलेल्या) असतं तर एकेक फाईल सव्वादोनशे एमबीची झाली असती, माझे सगळे १४० फोटो मिळून चार जीबी पण नव्हते. भाचा म्हणतो घरच्या वापराला ४८०० ची गरजच नाही, खरं २४०० मिळालं तरी या साइझला २८ मेगापिक्सेल होतात.

पण मला सगळ्यात राग आला तो इन्फ्रारेडचा. इन्फ्रारेड प्रकाश जिथे अडतो तिथे धूळ आहे असं मशीन धरतं. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं असतं, आणि चांदीतून इन्फ्रारेड पार जात नाही, त्यामुळे मशीनला चित्रच धूळ वाटतं. ही सोय रंगीत निगेटिव्हसाठी आहे, किंवा इलफर्डच्या एक्सपी२ सारख्या रंगीतच्या केमिकलमध्ये धुतल्या जाणाऱ्या फिल्मसाठी. इंदू आणि ऑर्वोवर ती चालतच नाही. जे होऊच शकत नाही त्याचे २१०० रुपये घेतले, आणि प्रत्यक्षात मोबाईलच्या कुठल्या तरी ॲपने "डाग" पुसले, त्यात गोंदण गेलं.

दुकानात गेले तर आधी "तुमच्याच निगेटिव्ह खराब" झालं, मग "मालक नाहीत". नशीब, बिलावर त्याने स्वतःच्या हाताने "४८०० डीपीआय, इन्फ्रारेड" लिहिलं होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिलाचा फोटो जोडला, तीन आठवड्यांनी सहा हजार परत आले. बाकीच्यासाठी ग्राहक आयोगात जायचा पेशन्स माझ्यात नाही, खरं सांगते.

आता भाचाच करतोय, रविवारी थोड्या थोड्या. एलईडी लाइटच्या वर जरा अंतर ठेवून दुधी ॲक्रिलिक, त्यावर होल्डरमध्ये निगेटिव्ह, वरून मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्सचा कॅमेरा, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल. आधी ब्लोअरने धूळ उडवतो, उरलेले ठिपके हाताने एकेक काढतो आणि काढायच्या आधी विचारतो, "मावशी, हा तीळ आहे का धूळ?" आजीचं गोंदण दिसलं परत, सगळं, हनुवटीवरचा बारका ठिपका सुद्धा. म्हणजे निगेटिव्हमध्ये ते होतंच. तुम्ही कुणाला देणार असाल तर आधी एकच पट्टी द्या, फाईल तिथेच उघडून शंभर टक्के झूम करा, मग बाकीच्या.

आणि हो, पाकिटं. निगेटिव्ह परत आल्या त्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून, वर बोटांचे ठसे. बाबांची पाकिटं कुठायत विचारलं तर म्हणाला, "ती जुनी कागदं होय? रद्दीत टाकली." आता सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या फोटोला आई म्हणते ७१ साल, आत्या म्हणते ७३, तुझा जन्म झाला होता, आणि दोघी फोनवर भांडतायत.