ब्यूप्रेनॉर्फिन, मेथाडोन की नाल्ट्रेक्सोन: पहिले दोन आठवडे लक्ष कोण ठेवणार?

मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. ओपिऑइडच्या (हेरॉइन, अफूच्या जातीची वेदनाशामकं) व्यसनावरच्या या तीन औषधांचं प्रिस्क्रिप्शन घेऊन आपली मराठी माणसंही येतात, हळू आवाजात बोलतात, प्रश्न न विचारताच निघतात, आणि तिथेच घोळ होतो. औषध कुठलं ते डॉक्टरांशी बोलून ठरवालच, पण सुरुवातीला आपल्याकडे कोण बघणार हेही तेव्हाच बघा.

ब्यूप्रेनॉर्फिन प्रिस्क्रिप्शनवर आमच्या फार्मसीत मिळतं, 2023 पासून डॉक्टरांना ते लिहून द्यायला वेगळी सरकारी परवानगी (वेव्हर) लागत नाही. सोय मोठी आहे, पण पहिला डोस बहुतेक वेळा घरीच घेतला जातो, आणि तो विथड्रॉवल (नशा उतरल्यावरचा त्रास) नीट सुरू झाल्यावरच घ्यायचा, नाहीतर औषधानेच एकदम जोरात त्रास उठतो, फेंटानिल (फार तीव्र ओपिऑइड) घेणाऱ्यांना तर फारच जपावं लागतं. मग फिल्म (जिभेखाली विरघळवायची औषधाची पातळ पट्टी) गिळली, चघळली, जिभेखाली ठेवून गप्पा मारल्या की औषध पोटात जातं आणि पेशंट म्हणतो "काही उपयोग नाही हो". म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फार्मसीतून फोन यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे: तोंड आधी ओलं केलं का, पूर्ण विरघळेपर्यंत गप्प बसलात का, नंतर पाण्याने खळखळून चूळ भरून ब्रश तासाभराने केलात का (दात किडतात, एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, 2022 मध्ये तसा इशाराच दिलाय), घाम, जांभया, मळमळ अजून आहे का, झोपेची गोळी किंवा दारू सोबत चालू आहे का. डोस कमी पडतोय हे असं बोलताना कळतं, मग आम्ही लगेच डॉक्टरांना कळवतो.

मेथाडोन व्यसनासाठी फार्मसीत मिळत नाही, त्यासाठी खास क्लिनिकमध्येच जावं लागतं, सुरुवातीला बहुतेक रोज. नोकरी सांभाळून हे जड जातं, पण नर्स रोज समोर बघते, आणि हे औषध शरीरात हळूहळू साठत जात असल्याने पहिले दोन आठवडे तशी नजर लागतेच. एक गोष्ट मात्र करा: हा डोस आमच्या कॉम्प्युटरवर सहसा दिसत नाही, तेव्हा स्वतःहून सांगा, नाहीतर अझिथ्रोमायसिनसारखं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं औषध सोबत दिलं जाईल.

नाल्ट्रेक्सोन ओपिऑइडचा परिणामच अडवतं, त्याचं इंजेक्शन महिन्यातून एकदा. त्याआधी कमीत कमी 7 ते 10 दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं, तिथेच बरेच जण गळतात. एखादं इंजेक्शन चुकलं तर ओपिऑइड पचवायची सहनशक्ती उतरलेली असते, मग नशेचा पूर्वीचाच डोस जीवघेणा ठरतो, आणि मधल्या महिन्याभरात विचारणारं कुणी नसतं.

घरात सोबत कुणी असेल, फार्मसी फोन करणारी असेल तर मी ब्यूप्रेनॉर्फिन म्हणेन. घरी एकटे असाल, आधी डोस सांभाळता आले नसतील तर रोजचं क्लिनिक बरं. काहीही घेतलंत तरी नॅलोक्सोनचा (ओव्हरडोस उतरवणारं औषध) नाकात मारायचा स्प्रे घरात ठेवा, आता प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. आणि ब्यूप्रेनॉर्फिन ठरलं तर स्टॉक आहे का हे फार्मसीला आधीच विचारा, शुक्रवारी संध्याकाळी कळून उपयोग नाही.