तीन वर्षं थांबा, असं तो म्हणाला होता

रॉक फॉस्फेटच्या, म्हणजे दळून खत म्हणून विकल्या जाणाऱ्या फॉस्फेटी दगडाच्या, नावावर मी दोनदा फसलो. पहिल्यांदा खऱ्या मालात, दुसऱ्यांदा खोट्या. पहिली फसवणूक जास्त बेरकी होती, म्हणून ती आधी सांगतो.

जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे हे मला ठाऊक होतं. मक्याच्या कोवळ्या रोपांची खालची पानं कडेने जांभळी पडत होती आणि माती परीक्षणातही तेच आलं होतं: सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ८.२, चुनखडी भरपूर, उपलब्ध स्फुरद कमी. हा कागद मी विक्रेत्याच्या हातात दिला होता. त्याने तो नीट वाचला. सामूचा अर्थ त्याला कळत नव्हता, असं मी आता मानत नाही.

त्याने करड्या भुकटीची वाटी पुढे सरकवली आणि वर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. "बघा दादा, कसं विरघळतंय! मुळांपाशी असंच होतं." मला पटलं. फेस दिसला की माणसाला काहीतरी घडल्यासारखं वाटतंच. तो फेस म्हणजे भुकटीतल्या कार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, हे मला फार उशिरा कळलं. लिंबू संगमरवराच्या तुकड्यावर पिळलं तरी बुडबुडे येतात. स्फुरद किती सुटलं ते फेसावरून समजत नाही. आणि ते सुटलं असतं तरी माझ्या शेतात लिंबू पिळायला कोण येणार होतं?

गोणीवर 'एकूण ३० टक्के' लिहिलेलं होतं. सोबतच्या अहवालातही ३० टक्केच. आकडा खरा होता, हीच यातली मेख. हे टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइडचे, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे, असतात. त्यातला शुद्ध फॉस्फरस काढायचा तर ०.४३६ ने गुणायचं, म्हणजे जेमतेम १३ टक्के. पण तेही बाजूला ठेवा. खरा घोळ 'एकूण' या शब्दात आहे. एकूण म्हणजे दगडात जेवढं आहे तेवढं सगळं, पिकाला मिळेल तेवढं नव्हे. पिकाला किती मिळू शकेल याचा अंदाज २ टक्के सायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लात किती विरघळतं यावरून बांधतात. माझ्या हातातल्या झेरॉक्समध्ये ती ओळ नव्हती. पानाचा खालचा भाग दुमडून प्रत काढली होती, हे नंतर कडेच्या सावलीवरून लक्षात आलं.

रॉक फॉस्फेट म्हणजे मुख्यतः ॲपेटाइट: कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोरिन यांचं खनिज. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. ते फुटायला आम्ल लागतं आणि सुटलेलं कॅल्शियम वाहून न्यायला जागा लागते. सामू साधारण ५.५ च्या खाली असलेल्या, कॅल्शियम कमी असलेल्या जमिनीत बारीक दळलेला गाळाच्या खडकातला फॉस्फेट चांगलं काम करतो. चहा, रबर, पाम यांच्या मळ्यांत तो म्हणूनच वापरतात. अग्निजन्य खडकातला कठीण स्फटिकी ॲपेटाइट तिथेही कुरकुरतो. माझ्या जमिनीत आम्ल नाही आणि कॅल्शियम तर ओसंडून वाहतंय. तिथे तो दगड दगडच राहणार. नुसता दगड दळून सगळीकडे भागलं असतं, तर १८४२ मध्ये इंग्लंडात जॉन बेनेट लॉझने सल्फ्युरिक आम्ल ओतून सुपरफॉस्फेट (पाण्यात विरघळणारं खत) करण्याचं पेटंट घेतलंच नसतं. एवढा साधा विचार मी केला नाही.

दुसरं आमिष वेगळं होतं. शेताच्या एका कोपऱ्यात पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, तिथे मातीत शिसं आहे. "हे टाका, विष शोषून घेतं, माती स्वच्छ होते." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. फॉस्फेट शिशाशी जोडलं जाऊन पायरोमॉर्फाइट नावाचं अतिशय अविद्राव्य खनिज बनतं, आणि शिसं पिकात किंवा पोटात जाण्याचं प्रमाण घटतं. पण शिसं कुठेही जात नाही. एकूण शिशाची चाचणी केली तर आकडा तोच. शिवाय त्यासाठीही फॉस्फेट आधी सुटावं लागतं, आणि माझ्या मातीत ते सुटतच नव्हतं. आर्सेनिक असलेल्या जागी तर उलटाच परिणाम होतो, फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं. "नैसर्गिक आहे, म्हणजे शुद्धच," हेही ऐकलं होतं. गाळाच्या फॉस्फेटमध्ये कॅडमियम हा विषारी धातू निसर्गतःच असू शकतो. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतांना एक किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली, ती काही उगाच नाही.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, हे हळू काम करतं. तीन वर्षं थांबा. आणि यंदा मात्रा थोडी वाढवा." यावर बोलायला काही उरतच नाही. पीक आलं तर मालामुळे, नाही आलं तर माझ्या घाईमुळे! मी मात्रा वाढवली.

दुसरी खेप जरा पांढुरकी होती. "खाण बदलली," म्हणाला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी दोन्ही खेपांची चिमूट नायट्रिक आम्लात टाकून वर अमोनियम मॉलिब्डेट घातलं; फॉस्फेट असेल तर त्याने पिवळा साका बसतो. पहिल्या नळीत गर्द पिवळा साका बसला. दुसरीत फेस उदंड, पिवळेपणा मात्र शोधावा लागला. मग प्रयोगशाळेत पाठवलं: एकूण ७ टक्के, बाकी बहुतेक चुनखडीची पूड. चुनखडीच्या जमिनीत मी पैसे देऊन चुनखडी पसरवली होती.

तक्रार करायला गेलो तेव्हा पावती पहिल्यांदा नीट वाचली. तिच्यावर 'खत' हा शब्दच नव्हता. 'नैसर्गिक खनिज मृदा सुधारक' एवढंच. खेप क्रमांक नाही, टक्केवारी नाही. मी तपासलेला नमुना उघड्या गोणीतला, साक्षीदाराशिवाय काढलेला. समोरच्या माणसाने कागद परत सरकवले आणि विचारलं, "सीलबंद गोणी एखादी शिल्लक आहे का?" सगळ्या फोडल्या होत्या. तुम्ही घेणार असाल तर एक गोणी न फोडता ठेवा, आणि पावतीवर खताचं नाव, खेप आणि विद्राव्य स्फुरदाचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लिहायला तो टाळाटाळ करू लागला की तिथूनच उठा.

पहिल्या खेपेच्या उघड्या गोण्यांतला थोडा माल उरला होता. सामू ४.९ असलेल्या जमिनीवाल्या एका मित्राने तो नेला. त्याच हंगामात त्याच्या पिकात फरक दिसला, म्हणून त्याने मला आनंदाने फोन केला आणि विक्रेत्याचा नंबर मागितला.