सीटखालचा पिवळा कपलर आणि साडेअठ्ठावीस हजारांचं बिल

गेल्या जुलैत गाडीत पाणी शिरलं. डाव्या बाजूची मॅट उचलली तर खालचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं झालेलं. ते सुकवायचं तर पुढची सीट काढावी लागणार, आणि सीटखालून एअरबॅगच्या वायरी जातात, म्हणून साताऱ्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि म्हणाले, "ताई, आता चहा घेऊ. एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा करंट साठून राहतो, तो उतरू द्यायचा." चहा झाल्यावर चार बोल्ट काढून सीट मागे कलती केली, टॉर्च मारला आणि ते गप्प झाले.

"या सीटचं काम कुणी केलंय?"

मी वाकून पाहिलं. गाडीच्या फ्लोअरमधून वर येणाऱ्या दोन पिवळ्या वायरी कापलेल्या होत्या. टोकांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आणि त्या टेपमध्ये काहीतरी छोटंसं फुगलेलं. शेजारी सीटच्या बाजूला पिवळा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडायचा प्लास्टिकचा जोड, लोंबत होता, कापलेल्या वायरींची शेपटं तशीच घेऊन. त्यांनी टेप सोडवली. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक रझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, होता, त्यावर लाल, लाल, सोनेरी, सोनेरी अशा बारीक पट्ट्या. "दोन पॉइंट दोन ओहम," ते म्हणाले. "दुकानात रुपया-दोन रुपयाला मिळतो."

त्या सीटवर माझी लेक बसते. सातारा-कराड रस्त्यावर, आठवड्यातले सहा दिवस.

आता मागचं सांगते. आम्ही ही गाडी २०२३ मध्ये सेकंडहँड घेतली, आणि मुद्दाम सहा एअरबॅगचीच घेतली. उसाचा हंगाम सुरू झाला की हायवेवर गावोगावच्या फाट्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आडव्या येतात. समोरून धडक बसली तर मध्ये बॉनेट असतं, इंजिन असतं. बाजूने बसली तर आपल्यात आणि समोरच्या गाडीत वीतभर जाडीचं दार, बस. बाजूची एअरबॅग म्हणूनच सीटच्या पाठीत, दाराकडच्या अंगाला बसवलेली असते, आणि तिला साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उघडावं लागतं. हे वाचून, विचारून, जास्तीचे पैसे मोजून मी गाडी निवडली होती.

फेब्रुवारीत मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला. चावी फिरवली की तो पाच-सहा सेकंद लागतो आणि विझतो, तसं व्हायला हवं. माझा विझेना. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्याने स्कॅनर लावून कोड दाखवला: डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त. हा कोड खरा होता, हे मुद्दाम सांगते. फसवणूक त्याच्यापुढे सुरू झाली.

"मॅडम, एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे बॅगा चालवणारं युनिट, गेलंय. कंपनीत पन्नास हजार सांगतील, मी साडेअठ्ठावीसमध्ये करून देतो. आणि असंच चालवू नका, चालत्या गाडीत बॅग फुटेल." मी घाबरले. आज मला माहीत आहे की त्या कोडचा अर्थ नेमका उलटा होता. रेझिस्टन्स वाढला म्हणजे वायरीत कुठेतरी जोड सैल झालाय आणि गरज पडेल तेव्हा बॅगपर्यंत करंट पोचेलच याची खात्री नाही. बॅग आपोआप फुटण्याची नाही, न उघडण्याची भीती होती. पण घाबरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. दिवा लागला, सहा सेकंदांनी विझला. "जुनं मॉड्यूल" म्हणून त्याने मला एक ॲल्युमिनियमचा डबा दाखवला आणि परत ठेवून दिला. मी रोख पैसे दिले. साध्या पावतीवर हाताने लिहिलं होतं: एअरबॅग मॉड्यूल, १ नग. ना पार्ट नंबर, ना जीएसटी क्रमांक, ना वॉरंटी. पाच महिने मी त्या दिव्यावर विश्वास ठेवून गाडी चालवली.

ही चलाखी कशी चालते ते इलेक्ट्रिशियन काकांनी मला सीटशेजारी उकिडवं बसून समजावलं. एअरबॅगचं युनिट प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की प्रत्येक बॅगच्या वायरीतून अगदी किंचित करंट सोडून तपासतं. बॅग पेटवणाऱ्या भागाचा रेझिस्टन्स साधारण दोन-तीन ओहम असतो. तेवढा सापडला की युनिट म्हणतं, बॅग जागेवर आहे, आणि दिवा विझवतं. आमच्या गाडीत त्याला तो आकडा रझिस्टरमध्ये सापडत होता. धडक बसली असती तर दाराजवळच्या खांबातल्या सेन्सरने बरोबर खबर दिली असती, युनिटने बरोबर करंट सोडला असता, आणि तो सगळा त्या तांदळाएवढ्या तुकड्यात गेला असता. बॅग सीटमध्ये घडी घालून तशीच राहिली असती.

मी म्हटलं, बॅग तरी चांगली आहे का ते मीटर लावून बघा. त्यांनी चटकन हात मागे घेतला. "एअरबॅगला साधा मीटर लावायचा नसतो, ताई. मीटरचा करंटही तिला फुटायला पुरू शकतो." वायर जोडून टेप मारून द्यायलाही त्यांनी नकार दिला. एअरबॅगच्या वायरीला साधा जोड चालत नाही, तिथे थोडाही रेझिस्टन्स वाढून उपयोग नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, असं सांगितलं. स्वतःचं काम गेलं तरी चालेल, पण हे मी करणार नाही, असं म्हणणारा माणूस मला त्या दिवशी भेटला, हे माझं नशीब.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी आधी युनिटचा पार्ट नंबर आणि चासी नंबर स्कॅनरवर वाचला. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचंच युनिट. म्हणजे मॉड्यूल कधी बदललंच नव्हतं, आणि मला दाखवलेला डबा दुसऱ्याच गाडीचा होता. मग सीटखालचा तो लोंबता कपलर उघडला. आतल्या दोन पिनांपैकी एक मागे सरकलेली होती आणि कपलरचं लॉक अर्धवटच बसलेलं होतं. सीट पुढेमागे सरकवली की तो ताणला जायचा. दिवा लागण्याआधी पंधरा दिवस मी गाडीची आतून सफाई करून घेतली होती, सीटखाली व्हॅक्यूमचा पाइप घातला होता. तिथेच तो ओढला गेला असावा. खरा बिघाड एवढाच होता. सीटखालची वायरिंग बदलून, कोड काढून, बॅगचं सर्किट तपासून बिल झालं ६,२०० रुपये, आणि त्यातले बरेचसे पैसे त्या गॅरेजवाल्याने कापून ठेवलेल्या वायरींपायी गेले. पहिल्याच दिवशी कुणी वाकून पाहिलं असतं तर एक पिन आणि एक खटका, एवढ्यावर भागलं असतं.

जाता जाता सर्व्हिस सेंटरच्या मुलाने आमची सीट कव्हरं काढायला लावली. बाजूची शिवण सलग होती. बॅग त्या बाजूने फाडून बाहेर येते. तिच्यासाठी वेगळी कच्ची शिवण असलेलीच कव्हरं लागतात. कव्हर विकणाऱ्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

पावती आणि रझिस्टर घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेले. त्याने नाकारलंही नाही. "तुम्हाला लाइट घालवायची होती ना? गेली की. सगळे असंच करतात. मी अशा कितीतरी गाड्या करून दिल्यात."

त्या रात्री मला झोप आली नाही. पैशांपायी नाही. त्या "कितीतरी गाड्या" डोळ्यांसमोरून जाईनात. त्यांच्या मालकांचा दिवाही सहा सेकंदांनी विझत असेल. पीयूसीला फक्त धूर तपासतात. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटचीही, पण बाजूच्या बॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला आणि सक्ती काही झाली नाही. आपल्या बॅगा जिवंत आहेत का हे पाहायला दुसरं कुणी येणार नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, आणि उपयोग झाला नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. वकील लागला नाही, पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पुरावा म्हणून टेप सोडवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, हातपावती, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड आणि पुडीत बांधलेला तो रझिस्टर जोडलाय. प्रकरण चालू आहे.

तुमच्या गाडीचं एअरबॅगचं काम बाहेर झालं असेल, तर एकदा सीट पूर्ण मागे आणि मग पूर्ण पुढे सरकवा आणि मोबाइलच्या उजेडात खाली बघा. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळे असतात. कपलर क्लिपमध्ये घट्ट बसलेला हवा, वायर सलग हवी. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर तेही वाईट, काहीजण तो दिवाच काढून टाकतात किंवा दुसऱ्या दिव्याला जोडतात. पिवळ्या वायरीवर काळी टेप दिसली तर हात लावू नका, कपलर ओढून बघू नका. फोटो काढा, आणि ज्याने ते काम केलं त्याच्याकडे सोडून दुसरीकडे गाडी न्या.