मूळव्याध नव्हतीच

आईचं वय ७२. शौचावाटे रक्त जाऊ लागलं, काळपट लाल, शौचात मिसळलेलं. दुखत नव्हतं, आग नव्हती. मूळव्याधच असणार, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि ‘विना ऑपरेशन खात्रीने इलाज’ अशी पाटी लावलेल्या माणसाकडे आम्हीच तिला घेऊन गेलो. त्याने नाडी धरली, जीभ पाहिली आणि आत मोड आहेत म्हणून सांगितलं. तपासणी काहीच नाही. सहा महिन्यांच्या पुड्यांचे पैसे आगाऊ घेतले. पावती दिली नाही.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं. आमची फसगत झाली ती इथे. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त गेलं तर तो म्हणाला, “पथ्य मोडलंत,” आणि जहाल पुड्यांचे वेगळे पैसे घेतले. तेही थांबलं. मी भारावून चार ओळखीच्यांना त्याचा पत्ता दिला.

तिसऱ्या खेपेला आई मोरीत कोसळली. हिमोग्लोबिन ५.८. रक्त चढवलं, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी झाली. मोड एकही नव्हता. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला, अस्तरात फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं होतं. याला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात, बहुधा साठीनंतर आढळतं. ते मधूनच वाहतं आणि बरेचदा आपोआप थांबतं. म्हणजे पुड्यांनी काहीही केलं नव्हतं.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा हृदयाचा वेगळा आवाज आला. हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीची झडप अरुंद झाली होती. हे दोन आजार जोडीने दिसतात, हे हाइड नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली नोंदवलंय. अरुंद झडपेतून रक्त जोरात जाताना व्हॉन विलेब्रँड हा रक्त गोठायला लागणारा घटक तुटतो आणि आतड्यातलं जाळं जास्त वाहू लागतं. आईचं जाळं दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळलं. झडपेचे उपचार चालू आहेत.

ज्यांचं यकृत खराब आहे त्यांनी तर फारच जपा. त्यांच्या गुदाशयातल्या फुगलेल्या शिरा मूळव्याधीसारख्याच वाटू शकतात, आणि मोड समजून कुणी त्या कापल्या तर रक्त आवरणं कठीण होतं.

पैसे मागायला गेलो तर तो म्हणाला, “खात्री मूळव्याधीची होती, तुमचा आजार वेगळा.” ते पैसे गेले. मी पत्ता दिलेल्या चौघांपैकी तिघांना सगळं सांगून झालंय. चौथ्यांचा फोन लागत नाही. त्यांचे वडीलही सत्तरीपुढचे आहेत.