भारताचा उठावाचा नकाशा मागवला, चार महिने वर्गात वापरला – ४ स्टार

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझा छोटा क्लास आहे, आठवी ते दहावी, भूगोल मीच घेतो. जूनमध्ये ऑनलाइन हा प्लॅस्टिकचा नकाशा मागवला, डोंगर वर आलेले असतात तो, पोरं थ्रीडी नकाशा म्हणतात. अडीच फुटी आहे, साडेअकराशेला पडला.

पहिलीच गोष्ट सांगतो, हा नकाशा नुसता बघायचा नाही, त्यावरून हात फिरवायचा. कोकणातून बोट वर न्या, एकदम खडा चढ लागतो आणि घाटमाथा ओलांडला की पठार निवांत पूर्वेला उतरत जातं. ढग कुठे रिकामे होतील विचारलं तर मागच्या बाकावरून सुद्धा बरोबर उत्तर आलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्या विट्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, हे पोरांनी पाठ केलेलंच असतं, पण बोटाला लागलं की डोक्यात बसतं. आणि पाण्याची ही अशी तऱ्हा म्हणूनच तर आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली.

वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. तो सह्याद्रीवरून बोट घसरवत खाली आला, निलगिरीचा उंचवटा लागला आणि पुढे बोट एकदम खाली गेलं. "सर, इथं डोंगरच तुटलाय." तीच पालघाट खिंड, तीसेक किलोमीटर रुंद. केरळातली मुख्य रेल्वे, रस्ता, पावसाळी वारा तिथूनच तमिळनाडूत घुसतं आणि तोंडावर कोइमतूर बसलंय, भोवती कापसाची काळी जमीन, १९३० च्या दशकात निलगिरीतल्या पायकारा जलविद्युत प्रकल्पाची वीज मिळाली आणि सूतगिरण्या भराभर वाढल्या, पुढे पंप आणि विजेच्या मोटारींचे कारखाने आले. त्या पोराने संध्याकाळी पप्पांना व्हिडिओ कॉल लावून खिंड दाखवली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

गंगेच्या मैदानात बोट कुठे अडतच नाही. दिल्ली बंगालच्या उपसागरापासून हजाराच्या वर किलोमीटर लांब आणि उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर, म्हणून नद्या संथ, गाळ जाड, शेती दाट आणि माणसं त्याहून दाट. आसामकडे जाताना नेपाळ आणि बांगलादेशच्या मधली सिलिगुडीची पट्टी तर करंगळीएवढी पण नाही, खऱ्यात अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटर. देशातला निम्म्याहून जास्त चहा आसामचा, तो रेल्वेने नाहीतर ट्रकने इकडे यायचा तर याच चिंचोळ्या वाटेने.

पण एक गोष्ट नकाशा सांगत नाही, ती शिकवणाऱ्याने सांगायलाच पाहिजे. झारखंडमधलं छोटा नागपूरचं पठार हाताला छान खडबडीत लागतं, झरियाचा कोळसा, जवळच सिंगभूमचं लोखंड, जमशेदपूरला १९१२ पासून पोलाद निघतंय. एका मुलीने विचारलं, सर मग झारखंड श्रीमंत का नाही? फार योग्य प्रश्न. १९५२ पासून मालवाहतुकीचं समानीकरण केलं, म्हणजे कोळसा-पोलाद खाणीजवळ घ्या नाहीतर हजार किलोमीटरवर, कारखान्याला भाव साधारण सारखाच पडायचा. मग खाणीशेजारी कारखाना कोण कशाला काढेल, बंदर आणि बाजारपेठ बघूनच काढणार ना. हे नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत चाललं आणि त्याचा फायदा ज्यांना झाला त्यात आपला महाराष्ट्र पण आहे, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो. जमीन काय देते ते बोटाला कळतं, त्याचा पैसा कुठे गेला ते वेगळं शिकवावं लागतं.

आता एक स्टार का कापला. लडाख अजून जम्मू-काश्मीरच्याच रंगात आहे, ऑक्टोबर २०१९ पासून वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे, एवढं तरी छापणाऱ्याने बघायला हवं होतं, मी स्केचपेनने रेघ मारून घेतली. नावं फक्त हिंदी-इंग्रजीत. डोंगरांची उंची मुद्दाम वाढवून दाखवलेली असते, ते बरोबरच आहे नाहीतर बोटाला काही लागणारच नाही, पण किती पट वाढवली ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि पॅकिंग वाईट, कच्छचा कोपरा दबून आला. देशाच्या मिठातलं बहुतेक मीठ गुजरातचं, त्यात कच्छच्या रणाची मिठागरं दाखवायची होती आणि तिथंच पोचा. विकणाऱ्याला फोटो पाठवले, बदलून काही मिळाला नाही. खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

घेणार असाल तर मोठाच साइज घ्या, छोट्यात पालघाट खिंड लागतच नाही म्हणून माझा आधीचा एक फुटी पडून आहे. आणि भिंतीवर लावताना खाली लावा, आठवीच्या पोराचा हात काश्मीरपर्यंत पोचला पाहिजे.